लेनिनग्राडचा एक गुण

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ हा जेम्स बाँडचा चित्रपट १९६३ साली आला. त्याच्या सुरुवातीलाच व्हेनिसमधल्या एका भव्य दालनात बुद्धिबळाचा डाव रंगलेला दिसतो. क्रोनस्टीन नावाचा थंड डोळ्यांचा खलनायक आपल्या कॅनेडियन प्रतिस्पर्ध्याला चिरडतो आणि उठून निघून जातो. त्या पटावरची मोहरी कुणी मनाला येईल तशी मांडलेली नव्हती. बोरिस स्पास्कीने डेव्हिड ब्रॉन्स्टीनविरुद्ध जिंकलेल्या एका खऱ्याखुऱ्या डावाचा तो शेवट होता, फक्त मधली दोन प्यादी तेवढी गाळलेली. हा डाव झाला १९६० साली, लेनिनग्राडमध्ये, सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धेत.

त्याच वर्षी, त्याच शहरात स्पास्की आणखी एक डाव खेळला आणि हरला. त्यावर चित्रपट निघाला नाही. बुद्धिबळाच्या जाड इतिहासग्रंथांतही त्याला एखाद-दुसऱ्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही. पण विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांमध्ये आजवर झालेल्या डावांपैकी सगळ्यात महागडा डाव कोणता, असे मला कुणी विचारले तर मी या डावाकडे बोट दाखवीन. एका बाजूला लेनिनग्राड विद्यापीठात पत्रकारिता शिकलेला, घरच्या मैदानावर खेळणारा स्पास्की. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातून आलेला बावीस वर्षांचा विल्यम लोम्बार्डी. स्पर्धा होती जागतिक विद्यार्थी सांघिक अजिंक्यपदाची आणि दोघेही आपापल्या देशाच्या पहिल्या पटावर.

हा डाव कोणत्या हवेत खेळला गेला, तेही पाहायला हवे. १ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले. वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत सापडला. त्याच महिन्यात पॅरिसला होणारी शिखर परिषद त्यावरून मोडली. ऑगस्टमध्ये पॉवर्सवर मॉस्कोत जाहीर खटला चालला, तो हाउस ऑफ युनियन्समधल्या स्तंभांच्या दालनात. बारा वर्षांपूर्वी, १९४८ साली, याच दालनात सोव्हिएत खेळाडू बॉट्विनिक बुद्धिबळाचा जगज्जेता झाला होता. एकाच छताखाली बुद्धिबळाचा राज्याभिषेक आणि हेरगिरीचा खटला: त्या देशात बुद्धिबळाचे स्थान काय होते, याची यावरून कल्पना यावी. विमान पाडले जाणे आणि खटला उभा राहणे या दोन घटनांच्या मधल्या उन्हाळ्यात सहा अमेरिकन तरुण बुद्धिबळ खेळायला लेनिनग्राडला जाऊन पोहोचले.

विद्यार्थ्यांच्या या जागतिक स्पर्धेला तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती. १९५४ साली ऑस्लोत चेकोस्लोव्हाकियाने ती जिंकली. पुढच्या वर्षी ल्यों येथे सोव्हिएत संघ जिंकला आणि मग उप्साला, रेक्याविक, वार्ना अशी ओळीने चार विजेतेपदे त्याने खिशात घातली. दर सामन्यात चार पट, हाताशी दोन राखीव खेळाडू, आणि कोणत्या संघाने किती सामने जिंकले यापेक्षा सगळ्या पटांवर मिळून किती गुण कमावले यावर क्रमांक. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे.

विद्यार्थी हा शब्द मात्र इथे जरा सैल हाताने घ्यावा लागतो. मिखाइल ताल या स्पर्धांत रिगाच्या लाटव्हियन विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून खेळला आणि तो खरोखरच शिकत होता. इल्फ आणि पेत्रोव्ह या विनोदी लेखकद्वयीच्या उपरोधावर त्याने प्रबंधही लिहिला. पण १९५७ साली रेक्याविकला तो सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर बसला, तेव्हा तो सोव्हिएत संघाचा राष्ट्रीय विजेता होता. त्याच्या शेजारच्या पटावर स्पास्की होता. समोरच्या संघातला जीवशास्त्राचा किंवा कायद्याचा विद्यार्थी सकाळचा तास बुडवून आलेला असे आणि त्याची गाठ पडे ती जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाशी. सोव्हिएत व्यवस्थेने विद्यार्थिदशेचाच व्यवसाय केला होता, असे म्हटले तर थोडे कडू लागेल, पण खोटे ठरणार नाही.

या व्यवस्थेचे स्पास्की हे देखणे फळ. जन्म ३० जानेवारी १९३७, लेनिनग्राड. शहराला वेढा पडला तेव्हा मुलांना बाहेर हलवण्यात आले, त्यांत हाही होता. युद्धानंतर परतला तो पायोनियर पॅलेसमध्ये रमला. लहान मुलांसाठी सरकारने चालवलेल्या त्या वाड्यात प्रशिक्षक फुकट, पट फुकट आणि हुशार पोराला वर विद्यावेतनही. शाळकरी वयातल्या स्पास्कीच्या विद्यावेतनावर घर चालायला मदत होत असे. १९५५ साली अँटवर्पला तो कुमारांचा जगज्जेता झाला, त्याच वर्षी ग्रँडमास्टरही. इथवरचा प्रवास एखाद्या सरकारी माहितीपटात शोभावा असा.

त्यानंतर मात्र काहीतरी बिनसले. १९५८ साली रिगाला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी. समोर ताल. डाव तहकूब झाला तेव्हा स्पास्कीचे पारडे जड होते. रात्र विश्लेषणात गेली, सकाळी डोळ्यांवर झोप होती, आणि जिंकता येण्यासारखा डाव तो हरला. जगज्जेतेपदाच्या शर्यतीतली त्या फेरीची वाट बंद झाली. त्या दिवशी आपण रस्त्यातून रडत चाललो होतो, हे त्याने नंतरच्या आयुष्यात मोकळेपणाने सांगितले. ताल पुढे गेला आणि मे १९६० मध्ये बॉट्विनिकला हरवून जगज्जेता झाला. लेनिनग्राडच्या विद्यार्थी स्पर्धेत पहिल्या पटावर बसलेला स्पास्की हा असा, पिढीतला मित्र पुढे निघून गेलेला आणि स्वतःचा सूर अजून न सापडलेला खेळाडू होता. ब्रॉन्स्टीनला उडवणारे हात तेच होते, पण त्या हातांवर भरवसा ठेवावा अशी खात्री त्या वर्षी कुणालाच नव्हती.

संघापुढेही एक जुना हिशेब होता. आदल्या वर्षी बुडापेस्टला बल्गेरियाने सोव्हिएत संघाची विजयमालिका तोडली होती. बल्गेरिया म्हणजे तरी आपल्याच गोटातला. घरच्या प्रेक्षकांसमोर करंडक परत आणायचा, या तयारीने यजमान बसले होते. आणि आले कोण, तर अमेरिकन!

या सहा जणांची ओळख एकेक करून द्यावी अशी आहे. लोम्बार्डी आपल्याला माहीत असतो तो बॉबी फिशरचा साथीदार म्हणून. ही ओळख त्याच्यावर अन्याय करणारी आहे. १९५७ साली टोरोंटोला झालेल्या कुमारांच्या जागतिक स्पर्धेत तो अकरा डाव खेळला आणि अकराही जिंकला. एक बरोबरीसुद्धा नाही. फिशरपेक्षा तो पाच-सहा वर्षांनी मोठा, आणि १९५८ साली पोर्तोरोजच्या आंतरविभागीय स्पर्धेला पंधरा वर्षांचा फिशर निघाला तेव्हा त्याला सांभाळायला सोबत गेला तो लोम्बार्डीच. स्वतः विशीत, आणि हाताखाली एक हट्टी, तापट, अलौकिक पोर. त्याच्या खेळात फिशरची आग नव्हती. शांतपणे जागा धरून ठेवायची आणि समोरच्याने घाई केली की हिशेब चुकता करायचा, ही त्याची रीत.

दुसऱ्या पटावरचा चार्ल्स काल्मे आणि राखीव फळीतला एडमार मेडनिस यांच्याकडे पाहिले की ही स्पर्धा अमेरिका विरुद्ध रशिया इतकी सरळ उरत नाही. दोघांचाही जन्म रिगाचा. ज्या रिगाचा ताल त्याच वर्षी जगज्जेता झाला, ज्या रिगात स्पास्की रडला, तेच रिगा. युद्धात कुटुंबे पळाली, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत राहिली आणि अखेर अमेरिकेला पोहोचली. काल्मे फिलाडेल्फियात वाढला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकला. १९४४च्या सुमारास वाऱ्याची दिशा जरा निराळी असती तर ही दोन पोरे लाल झेंड्याखाली याच स्पर्धेला बसली असती. मेडनिसचे स्पास्कीशी आधीचेही नाते होते: अँटवर्पला स्पास्की पहिला आला, तेव्हा दुसरा आला होता मेडनिस. जन्मभूमी ज्या देशाने गिळली, त्याच देशात पाहुणा म्हणून जाऊन खेळताना या दोघांच्या मनात काय चालले असेल, याची नोंद गुणतक्त्यात होत नाही.

उरलेले तिघे: ब्रुकलिनचा रेमंड वाइनस्टीन, वय एकोणीस, फिशरच्या बरोबरीच्या पिढीतला आणि त्याच्यानंतर ज्याच्याकडे आशेने पाहिले जाई असा; वैद्यकाचा मार्ग धरलेला अँथनी सेडी, ज्याचे वडील ब्रॉडवेचे नाटककार; आणि मानसशास्त्रातली डॉक्टरेट मिळवलेला एलियट हर्स्ट. कप्तान म्हणून सोबत होते ओक्लाहोमाचे जेरी स्पॅन. अमेरिकेत बुद्धिबळाला सरकारी खाते नव्हते, पायोनियर पॅलेस नव्हता. क्लबातल्या हौशी मंडळींनी आणि देणगीदारांनी सांभाळलेला हा खेळ. न्यूयॉर्कमध्ये जॅक कॉलिन्स नावाचा चाकाच्या खुर्चीतला शिक्षक होता, त्याच्या घरी संध्याकाळी पट मांडले जात. फिशर, लोम्बार्डी, वाइनस्टीन हे सारे त्या घरात येऊन गेलेले.

आणि फिशर? फिशर या संघात नव्हता. तो विद्यापीठात नव्हताच, सोळाव्या वर्षी शाळाच सोडून मोकळा झाला होता. शिवाय त्याच उन्हाळ्यात तो ब्युनॉस आयर्सला आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात वाईट स्पर्धा खेळत होता. तिथे तो तेराव्या क्रमांकाच्या आसपास राहिला. अमेरिकन बुद्धिबळाचा इतिहास म्हणजे फिशरचे चरित्र, असे मानणाऱ्यांनी या उन्हाळ्याचे काय करायचे, हा त्यांचा प्रश्न.

सांघिक बुद्धिबळ ज्यांनी खेळलेले नाही त्यांना त्यातली गंमत आणि जाच दोन्ही सांगायला हवे. चार जण एका ओळीत बसतात. शेजारच्या पटावर काय चालले आहे ते दिसत असते, पण बोलता येत नाही. आपला डाव बरोबरीत सोडवावा असे वाटते आणि नजर तिसऱ्या पटाकडे जाते, तिथे आपला गडी बुडताना दिसतो. मग बरोबरी परवडणार नाही. कप्तान मागे हात बांधून फिरत असतो. तो फार तर बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा-घ्यायचा की डाव सोडायचा एवढेच सांगू शकतो, तेही पटावरच्या स्थितीवर भाष्य न करता. एकट्याच्या स्पर्धेत हरलेला माणूस स्वतःशी भांडतो, सांघिक स्पर्धेत हरलेल्याला आणखी तिघांच्या डोळ्यांना डोळा द्यावा लागतो. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळलेल्या कुणालाही विचारा: रात्रीच्या जेवणाच्या रांगेत कोण कोणाशी बोलत नाही, यावरून दिवसाचा निकाल कळतो.

पहिल्या पटावर बसणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या वाट्याला प्रत्येक देशाचा सर्वांत बलवान खेळाडू येतो. त्याने अर्धे गुण मिळवले तरी संघ खूष असतो. शहाणा कप्तान त्याला सांगतो, तू फक्त बांध फुटू देऊ नकोस, पाणी आम्ही खालच्या पटांवर भरतो. लोम्बार्डीकडे त्या दिवशी काळी मोहरी होती. समोर स्पास्की, त्याच्या गावात, पांढऱ्या मोहऱ्यांसह. या परिस्थितीत अंग राखून खेळले असते तर कुणी बोट ठेवले नसते.

स्पास्कीने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. लोम्बार्डीने उत्तर दिले सिसिलियन बचावाने. बुद्धिबळ न खेळणाऱ्या वाचकासाठी एवढेच सांगतो की नावात बचाव असला तरी वृत्तीने ही सुरुवात भांडखोर आहे. काळ्याने पांढऱ्याच्या चालीची नक्कल करून तोल राखण्याऐवजी पटाचा तोलच मुद्दाम बिघडवायचा, राजाच्या बाजूला पांढऱ्याचा हल्ला अंगावर घ्यायचा आणि वजिराच्या बाजूने स्वतःची वाट काढायची. बरोबरी हवी असलेला माणूस सहसा हे दार ठोठावत नाही. पहिल्या चालीलाच लोम्बार्डीने सांगून टाकले की तो जिंकणे, हरणे, बरोबरी या तिन्ही निकालांसाठी खेळायला आलेला आहे.

आणि तो जिंकला. स्पास्कीसारख्या हल्लेखोराविरुद्ध जे सुचते, की भडका उडवायचा आणि वाऱ्यावर सोडायचे, ते त्याने केले नाही. हल्ला येऊ दिला, तो शोषून घेतला आणि मग पुढे झालेल्या मोहऱ्यांमागे उरलेल्या मोकळ्या जागांचा हिशेब मागितला. टोरोंटोच्या अकरा डावांत जो लोम्बार्डी दिसला होता तोच इथेही दिसला. स्पास्कीने डाव सोडला तेव्हा सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर, सोव्हिएत शहरात, एका अमेरिकन विद्यार्थ्याच्या नावावर पूर्ण गुण लागला.

आता तो हिशेब, जो मी लक्षात ठेवायला सांगितला होता. स्पर्धा संपली तेव्हा अमेरिकेचे गुण होते ४१, सोव्हिएत संघाचे ३९.५. फरक दीड गुणाचा. अमेरिकेच्या विजयाची किल्ली म्हणून लोम्बार्डीच्या १३ पैकी १२ गुणांचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण हे आकडे जरा कागदावर मांडून पाहावेत. समजा, त्या एका डावात स्पास्की जिंकला असता. अमेरिकेचा एक गुण कमी झाला असता, म्हणजे ४०. सोव्हिएत संघाचा एक वाढला असता, म्हणजे ४०.५. करंडक लेनिनग्राडलाच राहिला असता. बाकीच्या सगळ्या फेऱ्या, सगळ्या पटांवरचे सगळे डाव जसेच्या तसे ठेवून, फक्त एका पटावरचा निकाल उलटा केला की जगज्जेता संघ बदलतो. म्हणून मी त्याला महागडा डाव म्हटले.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू लोम्बार्डीच्या चाहत्यांना आवडणार नाही. काल्मेने दुसऱ्या पटावर १३ पैकी ११.५ गुण मिळवले, एकही डाव न हरता. आपल्या पटाचे सुवर्णपदकही त्यालाच मिळाले. या दोघांचे मिळून २३.५ गुण झाले. बाकीचे १७.५ गुण तिसऱ्या-चौथ्या पटावर वाइनस्टीन, सेडी, मेडनिस आणि हर्स्ट यांनी आलटून पालटून बसत गोळा केले. यांतला कुणी आणखी दोन डाव हरला असता, तर लोम्बार्डीचा तो देखणा विजय एका उपविजेत्या संघाच्या कौतुकातला मजकूर होऊन राहिला असता. लोम्बार्डीच्या गुणाला किंमत आली ती या पाच जणांमुळे. सांघिक खेळात नायक शोधणे ही आपली, म्हणजे लिहिणाऱ्यांची, सोय असते.

ही सोय आपण १९७२ साली मनसोक्त केली. रेक्याविकला फिशरने स्पास्कीला हरवले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी, आपल्या मराठी वृत्तपत्रांनीही, एक कथा सांगितली: एकट्या अमेरिकनाने सोव्हिएत यंत्राला नमवले. ती कथा आजही विकली जाते. फिशरचे कर्तृत्व अफाट होते, त्यात वाद नाही. पण सोव्हिएत यंत्र अभेद्य नाही हे बारा वर्षे आधी, त्याच स्पास्कीवर, त्याच्याच गावात सिद्ध झाले होते. तेही एकट्याने नव्हे, सहा जणांच्या संघाने, जिथे सोव्हिएत व्यवस्था सर्वांत भक्कम मानली जाई त्या सांघिक प्रकारात. एकट्या अलौकिक माणसाकडून हरणे व्यवस्थेला समजावून सांगता येते. असा माणूस शतकात एकदा जन्मतो म्हणून हात झटकता येतात. सहा बऱ्यापैकी विद्यार्थ्यांकडून हरणे समजावून सांगणे जास्त अवघड. माझ्या मते लेनिनग्राडचा पराभव रेक्याविकपेक्षा सोव्हिएत बुद्धिबळाला अधिक बोचायला हवा होता. तसे झाले नाही, याचे एक कारण असे की ते यंत्र लगेच सावरले. त्याच वर्षाच्या शेवटी लाइपझिगच्या ऑलिंपियाडमध्ये ताल, बॉट्विनिक, केरेस, कोर्चनोई, स्मिस्लोव्ह आणि पेत्रोस्यान अशी फौज उतरली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. त्या फौजेत स्पास्की नव्हता. अमेरिकेने तिथे रौप्यपदक मिळवले, पहिल्या पटावर फिशर, दुसऱ्यावर लोम्बार्डी. बॉट्विनिकशी लोम्बार्डीने बरोबरी केली.

दुसरे कारण अमेरिकेच्या बाजूचे आहे, आणि ते अधिक खेदाचे. १९५८ साली व्हॅन क्लायबर्न हा तरुण पियानोवादक मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून परतला तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून त्याची मिरवणूक निघाली, वरून कागदांचा पाऊस पडला. या सहा जणांच्या वाट्याला तसे काही आले नाही. मिरवणुकीचे सोडा, पोटापाण्याचेच जमले नाही. त्या काळच्या अमेरिकेत बुद्धिबळावर संसार चालत नसे. मग या संघाचे पुढे काय झाले ते ऐका. काल्मे गणिताकडे वळला, न्यूयॉर्क विद्यापीठातून पीएच.डी. झाला आणि स्पर्धात्मक खेळातून जवळजवळ बाजूला गेला. सेडी डॉक्टर झाला; १९७२ साली रेक्याविकला जावे की न जावे या गोंधळात फिशर शेवटचे काही दिवस लपून राहिला तो सेडीच्याच घरच्यांकडे. हर्स्ट मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पट न पाहता खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळावर त्याने सहलेखकासोबत एक भक्कम ग्रंथ लिहिला. मेडनिस रसायन अभियांत्रिकी शिकलेला, काही काळ शेअर बाजारात रमला, मग बुद्धिबळाचा लोकप्रिय लेखक झाला. फिशर कोणकोणत्या डावांत हरला एवढ्याच विषयावरचे त्याचे पुस्तक गाजले, आणि त्या हरलेल्या डावांत एक स्वतः मेडनिसने जिंकलेला होता. वाइनस्टीनची कहाणी काळीज पिळवटणारी आहे. काही वर्षांतच गंभीर मानसिक आजाराने त्याला ग्रासले आणि त्याचे पुढचे सगळे आयुष्य संस्थेच्या भिंतींआड गेले. फिशरच्या पिढीत फिशरखालोखाल असलेला हा मुलगा पंचविशी गाठण्याआधीच पटापासून दूर गेला.

लोम्बार्डी धर्मगुरू झाला. स्टॉकहोमला होणाऱ्या १९६२च्या आंतरविभागीय स्पर्धेची, म्हणजे जगज्जेतेपदाच्या शिडीच्या एका महत्त्वाच्या पायरीची, त्याची पात्रता झालेली होती. ती जागा सोडून तो सेमिनरीत दाखल झाला आणि १९६७ साली कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. ज्याने स्पास्कीला हरवले त्याने विशीच्या मध्यावर शर्यतच सोडली. आणि ज्याला हरवले तो? स्पास्कीने प्रशिक्षक बदलला. तोलुशच्या जागी बोंदारेव्हस्की आला, खेळात शिस्त आली. १९६१च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या फेरीत त्याला पुन्हा एकदा नशिबाने दगा दिला, तरी त्याला उभे राहायला व्यवस्था होती, वेळ होता, पगार होता. १९६९ साली तो जगज्जेता झाला. एक डाव कोण जिंकतो हे बुद्धी ठरवते. कारकीर्द कोणाची होते हे बऱ्याचदा महिन्याच्या अखेरीस हातात काय पडते यावर ठरते. सोव्हिएत व्यवस्थेवर टीका करताना हे लेनिनग्राडचे उत्तर विसरता येत नाही.

रेक्याविकला १९७२ साली फिशरच्या मागे काळ्या झग्यातले, पांढऱ्या कॉलरचे जे धिप्पाड गृहस्थ दिसतात ते फादर लोम्बार्डी. फिशरने सहायक म्हणून त्यांनाच निवडले होते. तहकूब झालेल्या डावांवर रात्री विश्लेषण करायचे आणि त्याहून अवघड म्हणजे फिशरला खोलीतून बाहेर काढून पटापर्यंत आणायचे, अशी त्यांची दोन कामे. २०१४च्या ‘पॉन सॅक्रिफाइस’ या चित्रपटात पीटर सार्सगार्डने ही भूमिका केली आहे. चित्रपट चांगला आहे, पण या पाद्र्याने समोर बसलेल्या जगज्जेत्याला एकदा स्वतः हरवले होते, हे प्रेक्षकाच्या मनावर ठसत नाही. स्पास्कीला मात्र ते विसरणे शक्य नव्हते. शिवाय रेक्याविक त्याच्या ओळखीचे होते; त्याच शहरात तो १९५७ साली तालच्या शेजारी विद्यार्थी म्हणून खेळून गेला होता.

विद्यार्थ्यांच्या बुद्धिबळाला या जागतिक स्पर्धेआधीही परंपरा होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातला वार्षिक सामना १८७३ साली लंडनला सुरू झाला आणि काही खंड वगळता आजही चालू आहे. १८९९पासून काही वर्षे इंग्लंड आणि अमेरिकेची विद्यापीठे समुद्राखालच्या तारेवरून एकमेकांशी सामने खेळली. पण तिथे हौस होती, राष्ट्रांची इभ्रत पणाला नव्हती. ती आली शीतयुद्धाबरोबर आणि गेलीही जवळपास त्याच काळात. विद्यार्थ्यांचे जागतिक सांघिक अजिंक्यपद शेवटचे झाले १९७७ साली, मेक्सिको सिटीत. मधल्या वर्षांत एखाद-दुसरा अपवाद वगळता सोव्हिएत संघच जिंकत राहिला. १९७०मध्ये हैफाला अमेरिका पुन्हा जिंकली, पण इस्रायलमधल्या त्या स्पर्धेला सोव्हिएत संघ गेलेलाच नव्हता.

आता गंमत पाहा. टेक्सास विद्यापीठाची डॅलस शाखा, सेंट लुइस परिसरातली वेबस्टर आणि सेंट लुइस विद्यापीठ, टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातले विद्यापीठ, या ठिकाणी आज ग्रँडमास्टरांना बुद्धिबळाची शिष्यवृत्ती देऊन प्रवेश दिला जातो. पूर्व युरोपातून, लॅटिन अमेरिकेतून, भारतातून मुले जातात. शिक्षण, राहणे, प्रशिक्षक, सगळे विद्यापीठाच्या खर्चाने; मोबदल्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत विद्यापीठासाठी खेळायचे. सोव्हिएत संघाने जे सरकारी पैशाने केले आणि ज्याला अमेरिकन लोक तेव्हा नावे ठेवत, तेच आता अमेरिका देणग्यांच्या पैशाने करते आहे. मला त्यात गैर काहीच दिसत नाही. काल्मेला आणि लोम्बार्डीला अशी शिष्यवृत्ती मिळाली असती तर पुढच्या दहा वर्षांचा इतिहास निराळा झाला असता, एवढेच वाटते. आपल्या विद्यापीठांनी यातून काही घ्यायचे असेल तर चषकांपेक्षा हे घ्यावे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक आणणाऱ्या मुलीला किंवा मुलाला पुढची पाच वर्षे खेळता येईल का, हा प्रश्न सत्कार समारंभात कधीच विचारला जात नाही.

लोम्बार्डीने पुढे धर्मगुरूपद सोडले, लग्न केले, न्यूयॉर्कमध्येच राहिला. उतारवयात भाडे थकल्यामुळे त्याला अनेक दशकांचे राहते घर सोडावे लागले. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅलिफोर्नियात त्याचा मृत्यू झाला. स्पास्की २७ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉस्कोत वारला. त्या आठवड्यात जगभर आलेल्या मृत्युलेखांत फिशरचे नाव दर दुसऱ्या ओळीत होते.

डावाच्या चाली इथे मुद्दाम छापलेल्या नाहीत. कोणत्याही चांगल्या डावसंग्रहात ‘स्पास्की–लोम्बार्डी, लेनिनग्राड १९६०’ असे शोधले की त्या मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत घरात पट असेल तर मांडा, काळी मोहरी आपल्याकडे घ्या आणि एकेक चाल झाकून पाहा की लोम्बार्डीने पुढे काय खेळले असेल. संगणकाला मात्र आधी विचारू नका. त्याला विचारायला अख्खे वर्ष पडले आहे.